वाडीचं बटन

“दिवा लावल्याशिवाय तोंडात काय घालायचं नाय, चंद्रे. आन् देवीचं नाव घेऊन बोललीस, तर मंग जीव गेला तरी त्या बोलन्यावरनं मागं सरायचं नाय.”

सासूला जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती, पण चंद्राबाईच्या कानात तो आवाज अजून तसाच होता. आणि आत्ता, परक्याच्या फार्महाऊसच्या पडवीत, पाटावर ठेवलेल्या नारळासमोर बसल्यावर तो इतका जवळून आला की तिनं दचकून मागं पाहिलं. मागं फक्त लोखंडी फाटक होतं. फाटकाला कुलूप होतं, आणि कुलपाशेजारी साखळीला बांधलेलं काळं कुत्रं.

“काय झालं, काकी? या ना अशा पुढं,” जितेशशेठ म्हणाला. त्याचा आवाज नेहमीच मऊ असे. मास्क हनुवटीला अडकवून तो खुर्चीत बसला होता. “नारळ आपल्या गावदेवीच्या देवळातला आहे. मुद्दाम गुरवाकडनं आणवला. म्हटलं, कुणाच्या मनात किंतू नको.”

पहिला हात गजानं ठेवला. गजा म्हणजे खालच्या आळीचा मेंबर, कुणी काही दिलं की आधी खिशात घालून मग काय आहे ते बघणारा. “गावदेवीची आन, जितेशशेठला दिलेला शब्द मोडनार नाय. मोडला तर माझं वाटोळं व्हवो,” असं त्यानं एका दमात म्हटलं आणि हात झटकून तो तंबाखू मळायला लागला. मग म्हातारा येसाजी. मग खुद्द सुरभी, जितेशशेठची बायको, जिला सरपंच करायचं चाललं होतं तीच. नवऱ्यानं तिलाही सोडलं नाही. “तुम्हाला दिलेला शब्द मोडणार नाही,” असं म्हणताना तिला हसू आलं. दुसरं कुणी हसलं नाही.

चंद्राबाईनं तळवा नारळावर ठेवला. गिरणी चालवणारीचा तळवा तो, कालपासून गिरण बंद होती तरी रेघांत तांदळाचं पीठ बसलेलं.

“गावदेवीची आन…” ती म्हणाली आणि थांबली. कुत्र्यानं साखळी वाजवली. “दिलेला शब्द मोडनार नाय.”

हात तिनं लगेच मागं घेतला.

“झालं! आता जेवा निवांत,” जितेशशेठ मोबाइलमधनं मान वर न करता म्हणाला. येसाजीनं मात्र मान वर केली. एकदा नारळाकडं पाहिलं, एकदा चंद्राबाईकडं, आणि मग आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहत राहिला.

तिनं हे काही ठरवून केलं नव्हतं. जितेशशेठचं नाव जिभेवर आलंच नाही, एवढंच. त्याला तिनं शब्द दिलाच कुठं होता? शब्द दिला होता तो वरच्या वाडीला. आणि आता देवीच्या नावानं त्या शब्दाला गाठ पडली होती. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. इतके दिवस तो नुसता शब्द होता. आता ती आण होती.

वरची वाडी म्हणजे हेदखोऱ्याच्या डोक्यावरची ठाकर आदिवासींची वाडी. पळसदरीच्या पलीकडं डोंगराला चिकटून हेदखोरं गाव, आणि गावाच्या वर, ओढ्याच्या कडेकडेनं चढत गेलं की ती कुडाची, आता काही पत्र्याची घरं. त्या घरांच्या मतांवर चंद्राबाई निवडून आली होती. दळणाला वाडीच्या बाया तिच्याकडं येत, पायली-दोन पायली नाचणी-तांदूळ डोक्यावर घेऊन. नवरा गेल्यापासून ती गिरण एकटीच चालवत होती. पट्टा निसटला तर आपणच बसवत होती. वाडीच्या दळणाला तिनं कधी मागं ठेवलं नाही. तेवढ्यावरच बायांनी तिला उभी केली.

मतं मागायला ती वाडीत गेली, तेव्हा सोनाबाईनं तिला अंगणात बसवलं. सोनाबाई वाडीत सगळ्यांत जुनी. डोळ्यांत मोती पडले होते, पण जीभ धारदार.

“मला एक सांग, चंद्रा. मागल्या टायमाला मिशनीवर दोन बटनं होती. एक मेंबरचं, एक सरपंचाचं. औंदा सरपंचाचं बटन दिसत नाय म्हनतात. कुठं गेलं?”

“ते सरकारनं काढलंन, आजी. आता गावानं मेंबर निवडायचे आन् मेंबरांनी सरपंच.”

“म्हंजी मी सरपंचाला मत देनार नाय?”

“नाय.”

“तू देनार?”

“आले निवडून तर देनार.”

सोनाबाईनं थोडा वेळ विचार केला. मग तिनं चंद्राबाईचा हात चाचपून धरला, उलटा केला आणि तळव्यावर आपल्या अंगठ्यानं जोरात दाबलं. “म्हंजी आमचं बटन हितं आलं. तुझ्या हातात. व्हय ना?”

बाया खदखदून हसल्या. चंद्राबाईही हसली.

“हसू नको गं. बटन आमचं हाय. दाबायच्या आदी आमाला इचारायचं. ह्याला म्हनू नायतर त्याला म्हनू, ते आमी बघू. पन इचारल्याबिगर हात वर करशील तर ह्या वाडीचं दळान तुझ्याकडं येनार नाय.”

“इचारल्याबिगर हात वर करनार नाय,” चंद्राबाई म्हणाली होती.

निवडून आल्यावर आरक्षणाची सोडत निघाली आणि सरपंचपद बाईसाठी ठरलं. मेंबर सात. एकीकडं सुरभी, गजा आणि येसाजी. दुसरीकडं शिकलेली, मंगळसूत्र सांभाळत तावातावानं बोलणारी समिधा आणि तिचे दोघे. मध्ये चंद्राबाई एकटी. वाडीत जाऊन विचारायचं तिनं नक्की केलं होतं. सकाळी देवीचा दिवा लावला, चार दळणं आटपली आणि निघणार, तोच दारात गाडी उभी राहिली. “बैठक आहे काकी, तासाभरात आणून सोडतो,” जितेशशेठचा चुलतभाऊ कमलेश म्हणाला. ती पदर सावरून बसली. गाडी कर्जत ओलांडून खालापूरच्या बाजूला वळली तेव्हा कुठं तिला समजलं. फार्महाऊसवर पोचल्यावर सगळ्यांचे मोबाइल कमलेशनं पोह्यांच्या डब्यात घालून झाकण लावलं. “हरवायला नकोत,” म्हणाला. पुढं तिच्या कानावर आलं, की समिधाच्या माणसांनीही एक गाडी ठरवून ठेवली होती. जितेशशेठची आधी आली, इतकंच.

तो कालचा दिवस. उद्या अकराला ग्रामपंचायतीत सभा होती.

दुपारी परसात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, आणि मडक्याभोवती जाळ. माघाचं ऊन कोवळं होतं आणि पाल्याचा वास सगळ्या आवारात भरला होता. मडकं उपडं केलं तशी गजानं बोटं भाजत शेंगा सोलायला सुरुवात केली.

“काकी, तुम्हाला वेगळ्या मडक्यात लावल्यात नुसत्या शेंगा,” सुरभी म्हणाली.

“मला नको गं. माझा दिवा नाय लागला आज.”

“अहो, मग इथं लावा ना. मी देते वात, तेल.”

“इथं नाय. गावदेवीजवळच लावायचा असतो. सासूनं सांगून ठेवलंय.”

“चंद्रावैनी देवीला धरून बसल्यात आन् आमी कोंबडीला,” गजा म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला. मग येसाजीला म्हणाला, “तुमी का गप, बाबा? खावा की. पुन्यांदा कोन घालतंय?”

“खातोय रं,” येसाजी म्हणाला. “मनात आलं, मागल्या टायमाला सरपंच गावानं थेट निवडला, ते बरं होतं. सात मान्सांना कोंडायला एक फार्महाऊस पुरतं. अख्खं गाव कुठं कोंडनार?”

“बरं कसलं? त्या गड्यानं थेट निवडून येऊन काय दिवे लावलं? पनवेलला जाऊन ऱ्हायला. सहीला मान्सं त्याच्या मागं हिंडायची. मेंबर बोलायला गेलं तर म्हनायचा, तुमी कोन इचारनारे? मला गावानं निवडलाय. मेंबरांनी निवडलेला असतो तर मेंबरांना भ्याला असता.”

“आता कोन कुनाला भितंय ते बघतोयच,” येसाजी हळूच म्हणाला.

“आवो, दिल्लीचा राष्ट्रपती. एवढा मोठा देशाचा मालक. त्याला तरी आपुन कुठं मत देतो? आमदार-खासदारच देतात. चाललाय ना देश?”

“मालक नाय रं, तो देशाचा राखनदार.” येसाजीनं शेंगेचा दाणा चिमटीत धरून पाहिला. “आन् आमदार-खासदारांना पन असंच गाडीत घालून नेत असतील काय, मत द्यायच्या आदी?”

“नेत असतील तर त्यांची पोपटी आपल्यापरीस भारी आसंल!”

सगळे हसले. सुरभीनंही पदर तोंडाला लावला. जितेशशेठ हसला नाही. त्यानं हात धुतले, नीट पुसले आणि चंद्राबाईजवळ येऊन उकिडवा बसला, घरचं माणूस बसावं तसा.

“काकी, पोटात काही नाही तुमच्या. आम्हाला काळजी वाटते,” तो म्हणाला. “उद्या सभेत हात वर करून मतदान आहे. फार वेळ लागायचा नाही. हात वर केलात की तुम्ही मोकळ्या.” जरा थांबून, अगदी आपुलकीनं त्यानं विचारलं, “तुमच्या नवीनची रात्रपाळी आहे ना हा आठवडा? खोपोलीवरनं पहाटेचा बाइकवर येतो. रस्त्यावर डंपर फार झालेत हो. जपून ये म्हणावं त्याला.”

चंद्राबाईच्या हातातला पाण्याचा तांब्या तिरका झाला आणि पाणी लुगड्यावर सांडलं.

“सांगेन,” ती म्हणाली.

“मोबाइल उद्या मिळेल तेव्हा सांगा. घाई नाही.”

तो उठून गेला. ती बसल्या जागी राहिली. त्यानं कुठं काही वाईट म्हटलं होतं? शब्द पकडायला जावं तर एकही हाती लागत नव्हता. कुणाला सांगायला गेली असती तर त्यानं म्हटलं असतं, बघा, काळजीनं बोललो तर त्याचाही राग. पण तिला नवीनची बाइक दिसायला लागली. मागचा दिवा कधीपासून लागत नव्हता. ‘रविवारी करतो गं आये,’ म्हणत पोरानं तीन रविवार घालवले होते. त्या एका दिव्यापाशी तिचं मन जाऊन आपटत राहिलं. ती ‘देवी, देवी’ म्हणू लागली आणि तिला एकाएकी वाटलं, कुठल्या तोंडानं म्हणू? शब्द पाळावा तर पोराच्या जिवाला घोर. पोराला जपावं तर देवीची आण मोडते, आणि ती मोडली तर पुन्हा पोराच्याच डोक्यावर यायची.

संध्याकाळी येसाजी तिच्या शेजारी पायरीवर येऊन टेकला. फाटकावर कमलेश होता, कुत्र्याला हाडं घालत होता.

“वैनी,” येसाजी ओठ न हलवता म्हणाला, “नाव गाळलंत तुमी.”

तिनं चटकन फाटकाकडं पाहिलं. आता हा जाऊन सांगणार. याचा नातू जितेशशेठच्याच प्लॉटिंगच्या कामावर होता.

“भाऊ, मी…”

“अलीकडं मला ऐकू कमी येतंय,” येसाजी म्हणाला. “दुपारी काय काय बोलनं झालं, निम्मं मला कळलंच नाय. वय झालं.” गुडघ्यावर हात रेटत तो उठला आणि आत गेला.

दिवेलागणीला सुरभी साखर घातलेलं लिंबाचं पाणी घेऊन आली. पाण्याला चालतं ना, असं तिनं दोनदा विचारलं. चंद्राबाईनं घोट घेतला. सुरभी तिथंच बसली, नखावरचं नेलपॉलिश खरवडत.

“मला तरी कुठं व्हायचंय, काकी? यांनी फॉर्म आणला, म्हणाले सही कर. मी केली. वाडीच्या झऱ्याकडं जाणाऱ्या वाटेवर यांनी फाटक घातलंय ना, ते रीतसर करून घ्यायचंय. सरपंच घरचा पाहिजे.” मग घाबरून तिनं मागं पाहिलं. “मी बोलले असं म्हणू नका.”

“नाय म्हननार.”

“तुम्ही अशा उपाशी नका राहू हो. मला बघवत नाही.”

“दिवा लागला की जेवेन गं पोरी. माझं काय अडलंय?”

चंद्राबाई हे सहज बोलली. त्यात डाव नव्हता. तिच्या अंगात तेवढा डाव नव्हताच. पण सुरभी उठून आत गेली, आणि आतून तिचा आवाज आला, पहिल्यांदाच जरा चढलेला. “अहो, बाई दिवसभर उपाशी आहे. सभेत चक्कर येऊन पडली तर हात कोण वर करणार? तुम्ही? उजाडताना देवळात नेऊन आणा, जेवू घाला आणि मग सभेला बसवा.”

मग जितेशशेठचा मऊ आवाज आला, “कमलेश, सकाळी तू जा बरोबर.”

फटफटलं तेव्हा गाडी निघाली. कमलेश गमतीशीर माणूस, सगळ्या वाटेनं बोलत होता. “काकी, देवीला सांगा, कमलेशला पण कुठंतरी चिकटव. निदान उपसरपंच.” ती हूं हूं करत होती आणि समोरून येणारी प्रत्येक बाइक मान वळवून बघत होती. पळसदरीच्या धरणावर धुकं होतं. रस्त्याकडेला पळसाला कुठं कुठं लाल धुमारे दिसत होते. एक डंपर धाडधाड करत बाजूनं गेला आणि तिनं डोळे मिटून घेतले.

गावदेवीचं देऊळ हेदखोऱ्याच्या शिवेवर, ओढ्याच्या अलीकडं. गाडी पारापाशी थांबली. पायरीशी चंद्राबाईनं चपला काढल्या, एकीशेजारी एक, नीट. कमलेश आत यायला निघाला आणि तिच्याबरोबर पायरीपर्यंत येऊन थबकला. रात्री तो भरपूर हाडं चघळून बसला होता, अंघोळ झालेली नव्हती. देवीसमोर तसं जायला त्यालाही धजवेना.

“काकी, मी थांबतो इथंच. चपला राखतो तुमच्या,” तो हसून म्हणाला. “चपला इथं, म्हणजे काकी इथं!”

आत साईनाथ गुरव पाणी शिंपत होता. तिला पाहून तो चपापला. तिनं तोंडावर बोट ठेवलं नाही, काही खूण केली नाही. आधी देवीसमोर बसली. कालचा दिवा चुकला होता. तिनं दोन वाती घेतल्या, तेल घातलं, आणि काडी ओढली. तिसऱ्या काडीला वात पेटली. शेंदरानं माखलेला देवीचा मुखवटा उजळला. काय मागावं ते तिला सुचेना. शब्दातून सोडव म्हणावं, की शब्द पाळायचं बळ दे म्हणावं? शेवटी ती एवढंच म्हणाली, “आये, पोराकडं बघ.”

गुरवानं हातावर साखरफुटाणे ठेवले. ते तिनं तोंडात टाकले, आणि कालच्या उपासानंतर पोटात काही गेलं तसं तिचं कपाळ घामानं भिजलं.

“साईनाथ,” ती खाली बघतच बोलली, “नवीनला फोन लाव. म्हनावं, आयेनं सांगितलंय, बाइक तिथंच कंपनीत ऱ्हाऊ दे. खोपोलीवरनं लोकलनं ये. कुनी विचारलं तर म्हन, पंक्चर हाय. इतकं करशील?”

“करतो, काकी. पन बाहेर तो कमलेश…”

“तो चपला राखतोय.”

गुरव तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं फोन काढला आणि भिंतीकडं तोंड करून नंबर लावला. पलीकडं घंटा वाजत होती. वाजतच होती. मग कुणीतरी ‘हा’ म्हणालं, रात्रपाळीनं पेंगुळलेलं, वैतागलेलं, आणि तो नवीनच होता. चंद्राबाईनं खांबाला हात टेकला. गुरव हळू आवाजात निरोप सांगत होता. नवीन ऐकेल की नाही, कोण जाणे. ऐकलं तर आजचं निभेल. उद्याचं काय, परवाचं काय, ते तिला माहीत नव्हतं. भीती काही कमी झाली नव्हती. वाडी काय सांगेल, तेही तिला माहीत नव्हतं. सुरभीच बरी म्हणतील, फाटक उघडून देते म्हणाली तर. समिधा म्हणतील. काही म्हणोत. बटन त्यांचं होतं.

देवळाच्या मागल्या अंगाला नैवेद्य शिजवायची खोली होती. तिचं दार ओढ्याकडं उघडायचं. दाराची कडी वाजू नये म्हणून चंद्राबाईनं ती पदरात धरून काढली.

बाहेर ओढ्याच्या गोट्यांवर दव होतं. पायांत काही नव्हतं. सवय होती म्हणा, पण कालच्या उपासानं पाय हलके पडत होते आणि खडा जरा जास्तच रुतत होता. वर, झाडीच्या पलीकडं, वाडीतल्या चुलींचा धूर सरळ उठत होता. सोनाबाई एव्हाना अंगणात शेकत बसली असेल. तिला आधी उठवायला लागणार नव्हतं, ते एक बरं होतं.

पुढच्या बाजूनं कमलेशची शीळ ऐकू येत होती. सूर्य वर आला होता आणि पायरीवर तिच्या चपला, एकीशेजारी एक, उन्हात पडल्या होत्या. तो त्यांच्याकडं बघत निवांत बसला होता.

चंद्राबाईनं उजवा तळवा पदराखाली घेतला, मुठीत मिटला, आणि ती वाडीची वाट चढू लागली.